आक्रमक कवकरोग आणि टी-पेशींचे दान : एका आशेची चिकित्सा

कवकांमुळे होणाऱ्या आक्रमक रोगांवर टी-पेशींच्या दानाने उपचार करता येईल, ही कल्पना आता वीस वर्षांहून अधिक जुनी झाली आहे. या अवधीत तिच्याविषयी समालोचनपर लेखन विपुल झाले. रुग्णांवरील प्रयोग मात्र फार थोडे झाले. या लेखनात एक निबंध पुनःपुन्हा आधारस्तंभासारखा उभा केलेला दिसतो. इटलीतील पेरूज्या येथील पेरुच्चो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००५ साली ‘ब्लड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. दहांपैकी नऊ रुग्ण रोगमुक्त झाले एवढेच त्याचे सार सांगितले जाते आणि लेखणी पुढे सरकते. त्या वाक्यापाशी थांबून ते दहा रुग्ण कोण होते, असे विचारणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु या सर्व संशोधनाचे मोल त्याच्या उत्तरावरच ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम त्या कामाचे स्वरूप पाहू. रक्ताच्या कर्करोगात कित्येकदा मूलपेशींचे प्रत्यारोपण करावे लागते, आणि पूर्ण जुळणारा दाता न मिळाल्यास आई, बाप किंवा भावंड अशा अर्ध्याच जुळणाऱ्या नातलगाकडून पेशी घ्याव्या लागतात. अशा दात्याच्या टी-पेशी ग्राहकाचे शरीर परके मानून त्याच्यावरच उलटतात. वैद्यकात जी. व्ही. एच. डी. या नावाने ओळखला जाणारा हा विकार प्राणघातक ठरू शकतो. म्हणून पेरूज्याची पद्धत अशी, की दिलेल्या पेशींतून टी-पेशी जवळजवळ निःशेष काढून टाकावयाच्या. त्यामुळे विकार टळतो. पण ग्राहक कित्येक महिने टी-पेशींवाचून राहतो, आणि त्या काळात विषाणू व कवके यांना मोकळे रान मिळते.

यावर संशोधकांनी योजलेला उपाय मोठा कल्पक होता. दात्याच्या रक्तातील टी-पेशी ॲस्परजिलसच्या प्रतिजनांसमोर वाढवावयाच्या व त्यांतून एकेका पेशीचे स्वतंत्र वंश तयार करावयाचे. मग प्रत्येक वंशाची ग्राहकाच्या पेशींशी गाठ घालून जो त्यांच्यावर उलटेल तो टाकून द्यावयाचा. जे वंश कवकाला ओळखतात पण ग्राहकाला दुखवीत नाहीत, तेवढेच शिरेवाटे द्यावयाचे. ज्यांना हे दान मिळाले त्यांच्या रक्तात तीन आठवड्यांच्या आत इंटरफेरॉन-गॅमा निर्माण करणाऱ्या, कवकविशिष्ट सी. डी. ४ टी-पेशी मोठ्या संख्येने आढळू लागल्या. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्या रक्तात अशा पेशी दिसावयास ९ ते १२ महिने लागले; त्याही थोड्या, आणि इंटरफेरॉन-गॅमा कमी व इंटरल्यूकिन-१० अधिक निर्माण करणाऱ्या. आक्रमक ॲस्परजिलस-रोग झालेल्या १० जणांना पेशी देण्यात आल्या, त्यांतील ९ रोगमुक्त झाले. पेशी न मिळालेल्या १३ जणांपैकी ६ दगावले.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे आकडे स्वतः कागदावर मांडून पाहावेत. पहिल्या गटातील उरलेला एक रुग्ण दगावला असे धरले, तर एका बाजूस १० पैकी १ व दुसऱ्या बाजूस १३ पैकी ६ मृत्यू होतात. फिशरच्या पद्धतीने हिशेब केला असता, उपचाराचा काहीच परिणाम नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने पडण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे ९ येते. रूढ संकेत १०० मध्ये ५ चा आहे. हा संकेत म्हणजे काही वेदवाक्य नव्हे, आणि या हिशेबाने तो उपचार निष्फळ ठरत नाही. परंतु ज्या फरकावर एवढी इमारत उभी आहे तो किती नाजूक आहे, हे त्यावरून ध्यानात येते. शिवाय रुग्णांची विभागणी यादृच्छिक नव्हती. पेशी तयार होईपर्यंत जो तग धरतो त्यालाच त्या मिळतात, हा दोष अशा तुलनेत शिरण्याचा धोका नेहमीच असतो. त्यातच त्या सुमारास औषधेही सुधारत होती. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात व्होरिकोनॅझोल मिळालेल्यांपैकी ७०·८ टक्के रुग्ण बारा आठवड्यांनंतर जिवंत होते, तर ॲम्फोटेरिसिन मिळालेल्यांपैकी ५७·९ टक्के. म्हणजे कोणते औषध कोणाला मिळाले, एवढ्यावरूनही निकाल बराच हलू शकतो.

लहान प्रयोगांतून निघालेल्या आशेचे पुढे काय होते, याचे एक उदाहरण शेजारच्याच क्षेत्रात आहे. न्यूट्रोफिल पेशी उरलेल्या नसताना जंतुसंसर्ग झाला, तर दात्याच्या न्यूट्रोफिल पेशी द्याव्यात, ही युक्ती टी-पेशींच्या दानाहून पुष्कळ जुनी आणि तर्काला सहज पटणारी. अमेरिकेत तिची यादृच्छिक विभागणीने परीक्षा झाली व २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ११४ रुग्णांत यशाचे प्रमाण एका गटात ४२ टक्के, तर दुसऱ्यात ४३ टक्के आढळले. ठरवलेली रुग्णसंख्या गाठता आली नव्हती, तेव्हा हाही अंतिम निर्णय नव्हे; पण या परीक्षेपूर्वीच्या उत्साहाला त्यात फारसा आधार सापडला नाही. ॲस्परजिलसविरुद्धच्या टी-पेशींची तर एवढीही परीक्षा झालेली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. टी-पेशी देण्याची ही कल्पना कवकशास्त्रात जन्मली नाही. ती विषाणूंकडून आली. १९९२ साली सिॲटल येथील रिडेल, ग्रीनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सायटोमेगॅलोव्हायरसविरुद्धचे टी-पेशीवंश प्रत्यारोपणाच्या रुग्णांना देऊन या मार्गाचा पाया घातला. तेथे तर्क स्वच्छ होता. विषाणू पेशीच्या आत राहतो, त्याचे अंश पेशीच्या पृष्ठभागावर दिसतात, ते ओळखून टी-पेशी ती पेशी मारते. रोग आणि त्याचे औषध यांची गाठ समोरासमोर पडते. ॲस्परजिलसचा प्रकार निराळा आहे. त्याचे बीजाणू आपण दररोज शेकड्यांनी श्वासावाटे घेतो व फुफ्फुसातील महाभक्षी पेशी ते गिळून टाकतात. जे वाचतात त्यांना तंतू फुटतात. हे तंतू कोणत्याही भक्षकपेशीला गिळता येणार नाहीत एवढे लांब असतात; त्यांच्यावर बाहेरून विषारी द्रव्यांचा मारा करावा लागतो, आणि ते काम प्रामुख्याने न्यूट्रोफिल पेशींचे. टी-पेशी या लढाईत स्वतः फारशी उतरत नाही. इंटरफेरॉन-गॅमासारख्या द्रव्यांच्या रूपाने ती भक्षकपेशींना चेतवते. विषाणूच्या बाबतीत जी सैनिक आहे ती येथे हुकूम देणारी आहे. सैनिकच नसतील तेथे हुकूम देणाऱ्याचा काय उपयोग, हा प्रश्न या लेखनात अभावानेच विचारलेला आढळतो.

निसर्गाने केलेल्या प्रयोगांकडे पाहिले तर हा भेद आणखी ठळक होतो. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या आनुवंशिक विकारात टी-पेशी शाबूत असतात. भक्षकपेशींचे प्राणवायूपासून विषारी द्रव्ये बनविण्याचे यंत्र तेवढे मोडलेले असते. या मुलांचा भयंकर शत्रू कोण? ॲस्परजिलस. उलट एच. आय. व्ही. च्या संसर्गात सी. डी. ४ टी-पेशी लयास जातात. १९८१ साली लॉस एंजेलिसच्या ज्या पाच तरुणांमुळे एड्सची पहिली वार्ता जगाला कळली, त्यांना न्यूमोसिस्टिस या कवकाचा न्यूमोनिया झाला होता. त्यानंतर लाखो रुग्णांत क्रिप्टोकॉकसचा मेंदुज्वर दिसला. ॲस्परजिलस-रोग मात्र त्यांच्यात तुलनेने विरळाच, आणि जेथे झाला तेथे बहुधा न्यूट्रोफिलही घटलेले असत किंवा स्टेरॉइडे चालू असत. टी-पेशींचा अभाव हेच ज्यांचे मूळ कारण ते रोग न्यूमोसिस्टिस आणि क्रिप्टोकॉकस यांचे. टी-पेशींचे दान मात्र योजले गेले ते ॲस्परजिलसवर! याचे कारण जीवशास्त्रीय नसून व्यावहारिक आहे. पेशी तयार करण्याची प्रयोगशाळा जेथे असते तेथे प्रत्यारोपणाचे रुग्ण असतात, आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णांत ॲस्परजिलस आढळतो.

मग पेरूज्याचे नऊ रुग्ण बरे कसे झाले? प्रस्तुत लेखकाच्या मते येथेच त्या निबंधाचे खरे महत्त्व आहे, आणि त्याला उद्धृत करणाऱ्यांनी नेमके तेच गमावले. अर्धजुळणीच्या त्या प्रत्यारोपणात मूलपेशींची मात्रा फार मोठी असे, त्यामुळे न्यूट्रोफिल साधारणपणे दोन आठवड्यांच्या आसपास परत येत; टी-पेशी मात्र मुद्दाम काढून टाकलेल्या असल्याने महिनोन्‌महिने येत नसत. म्हणजे त्या रुग्णांत सैनिक हजर होते, हुकूम देणारा तेवढा नव्हता. जी गोष्ट नेमकी कमी होती तीच पुरविली गेली. उपचार फळला असेल तर तो या रुग्णांच्या विशिष्ट स्थितीत फळला. त्यावरून ल्युकेमियाच्या औषधांनी न्यूट्रोफिल शून्यावर आलेल्या रुग्णालाही तो लागू पडेल असे अनुमान काढणे म्हणजे एका शेताचा हंगाम दुसऱ्या शेतावर लादणे होय. आणि दुर्दैव असे, की तो विशिष्ट रुग्णच आता विरळ होत चालला आहे. प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फमाइड देऊन उलटणाऱ्या टी-पेशी निवडून मारण्याची पद्धत २००८ नंतर सर्वत्र रूढ झाली. तीत टी-पेशी आधी काढून टाकाव्या लागत नाहीत, त्यामुळे अर्धजुळणीची बहुसंख्य प्रत्यारोपणे आता त्याच पद्धतीने होतात.

दुसरा आक्षेप तत्त्वाविषयीचा आहे. मॉसमन व कॉफमन यांनी १९८६ साली साहाय्यक टी-पेशींचे दोन प्रकार सांगितले. पेरूज्याच्याच लुइजिना रोमानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांनी पहिला प्रकार कवकापासून तारतो व दुसरा मारक ठरतो असे दाखविले. ते काम भक्कम आहे. पण त्याचे पुढे सूत्र झाले, की पहिल्या प्रकारच्या पेशी जितक्या अधिक तितके बरे. मनुष्याच्या बाबतीत हे सूत्र सरळ चालत नाही. क्रिप्टोकॉकसचा मेंदुज्वर झालेल्या एच. आय. व्ही. रुग्णांना विषाणूविरोधी औषधे लवकर द्यावीत की थांबून, याचा निर्णय करण्यासाठी युगांडा व दक्षिण आफ्रिका येथे झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण १७७ होते. एक-दोन आठवड्यांत औषधे सुरू केलेल्यांत सव्वीस आठवड्यांपर्यंत ४५ टक्के मृत्यू झाले. सुमारे पाच आठवडे थांबलेल्यांत ३० टक्के. या औषधांनी टी-पेशी परत येतात. ज्या रोगाचे मूळच टी-पेशींचा अभाव, त्या रोगात त्यांचे आगमन घाईने घडविले असता अधिक माणसे मेली. मेंदूच्या बंद कवटीत कवकाचा साठा अजून मोठा असताना दाह वाढणे हे त्याचे एक कारण मानले जाते. टी-पेशींच्या दानाच्या समर्थनार्थ लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग समोर ठेवून लिहावे. तो टाळून केलेले समर्थन अपुरे आहे.

२०२१ साली ‘सायन्स’ मध्ये आलेल्या एका कामाने आणखी एक धक्का दिला. ‘एअर’ या जनुकाच्या दोषामुळे ज्यांच्या तोंडात कँडिडा जन्मभर ठाण मांडतो, त्यांच्यात प्रतिकार दुबळा आहे असा समज होता. प्रत्यक्षात त्यांच्या श्लेष्मल त्वचेतील टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा गरजेहून अधिक निर्माण करून त्वचेचा बांध फोडतात, असे आढळले. हा रोग आक्रमक नव्हे, हे खरे. पण इंटरफेरॉन-गॅमा म्हणजे निरपवाद हितकारी, या श्रद्धेला त्याने तडा जातो. बाखर व त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी तर निरोगी माणसाच्या रक्तात ॲस्परजिलस ओळखणाऱ्या टी-पेशींपैकी पुष्कळशा नियंत्रक जातीच्या, म्हणजे दाह शमविणाऱ्या असतात, असे दाखविले. २०१९ साली त्यांनीच आणखी दाखविले, की सतरा क्रमांकाचे इंटरल्यूकिन निर्माण करणाऱ्या आपल्या कवकविरोधी पेशी मुख्यतः कँडिडा अल्बिकन्सवर पोसलेल्या असतात. त्यांतीलच काही ॲस्परजिलसलाही ओळखतात व फुफ्फुसाच्या दाहविकारांत वाढलेल्या आढळतात. तेव्हा दात्याच्या रक्तातून ॲस्परजिलसवर वाढविलेल्या पेशींमध्ये नेमके कोण दडले आहे, हे वंशावंशाने तपासल्यावाचून सांगता येत नाही. पेरूज्याच्या संशोधकांनी एकेक वंश वेगळा केला, हा त्यांचा काटेकोरपणा या दृष्टीने फार मोलाचा होता. पुढच्यांनी वेळ वाचविण्यासाठी मिश्र पेशी वापरावयास सुरुवात केली, त्यात हा लाभ काही अंशी सुटला.

अलीकडे या क्षेत्रात नवीन वळण आले आहे, आणि ते अधिक विचारार्ह आहे. टी-पेशीला तिचा जन्मजात ग्राहक न वापरता बाहेरून बनविलेला ग्राहक बसवावयाचा, ही कर्करोगात यशस्वी झालेली ‘कार’ टी-पेशींची युक्ती कवकांवर लावण्यात आली. २०१४ साली ह्यूस्टन येथील संशोधकांनी डेक्टिन-१ या प्रथिनाचा बाह्य भाग टी-पेशीवर बसविला. डेक्टिन-१ कवकाच्या भित्तिकेतील बीटा-ग्लुकन ओळखते, म्हणून एकाच पेशीने अनेक कवकांवर मारा करता येईल अशी अपेक्षा होती. कल्पना सुंदर, परंतु कवकांनी तिची तजवीज आधीच करून ठेवली आहे. ॲस्परजिलसच्या बीजाणूंवर जलविरोधी प्रथिनांचा थर असतो, तंतूंवर गॅलॅक्टोसॅमिनोगॅलॅक्टन या शर्करेचे आवरण असते. कँडिडाचे बीटा-ग्लुकन मॅननच्या थराखाली झाकलेले, आणि क्रिप्टोकॉकस तर जाड कवचातच बसलेला. ज्या खुणेवर नेम धरावयाचा ती खूणच शत्रूने पदराखाली घेतलेली आहे.

व्युर्झबुर्गच्या संशोधकांनी २०२२ साली ‘सायन्स ट्रान्स्लेशनल मेडिसिन’ मध्ये प्रसिद्ध केलेले काम याहून पुढचे आहे. त्यांनी ॲस्परजिलस फ्युमिगेटसच्या तंतूंना चिकटणाऱ्या प्रतिपिंडापासून ग्राहक बनविला. त्यांच्या सी. डी. ८ पेशी परफोरिन व ग्रॅन्झाइम सोडून तंतूंना प्रत्यक्ष इजा करतात, महाभक्षी पेशींना चेतवितात, आणि उंदरांत फुफ्फुसातील कवकाचा भार घटवून त्यांचे आयुष्य वाढवितात. सी. डी. ४ पेशींहून सी. डी. ८ पेशींचा गुण अधिक दिसला. म्हणजे येथे हुकूम देणाऱ्या पेशीलाच सैनिक बनविण्यात आले! वर मांडलेल्या आक्षेपाला आजवर मिळालेले हे सर्वांत समर्पक उत्तर होय. संशोधकांनी तो आक्षेप डोळ्यांपुढे ठेवला होता की नाही, हा प्रश्न वेगळा. तरीही दोन गोष्टी नोंदविणे अवश्य आहे. एक, हे उंदीर स्वतःची प्रतिक्षमता जवळजवळ नसलेले होते आणि पेशी मनुष्याच्या होत्या. मानवी इंटरफेरॉन-गॅमा उंदराच्या ग्राहकाशी जुळत नाही. तेव्हा मनुष्यात या पेशी भक्षकपेशींना किती चेतवतील, आणि त्यातून फुफ्फुसाला किती इजा होईल, याचा अंदाज उंदरावरून बांधता येणार नाही. परिणाम अधिक चांगला निघेल किंवा अधिक घातक. दोन, या पेशी एकाच जातीच्या कवकासाठी आहेत. ते कवक कोणते हे ठरेपर्यंत बहुधा रोग्याचे अर्धे आयुष्य सरलेले असते.

यापुढची अडचण स्टेरॉइडांची. प्रत्यारोपणानंतर उशिरा होणारा ॲस्परजिलस-रोग बहुधा जी. व्ही. एच. डी. साठी स्टेरॉइडे घेणाऱ्यांना होतो. आणि दिलेल्या टी-पेशी स्टेरॉइडांपुढे टिकत नाहीत. स्टेरॉइडांचा ग्राहक जनुकीय शस्त्रक्रियेने काढून टाकलेल्या विषाणुविरोधी टी-पेशी प्रयोगशाळेत तयार झाल्या आहेत. पण उलटली असता औषधाने आवरता येणार नाही अशी पेशी माणसाच्या रक्तात सोडण्यापूर्वी दहादा विचार करावा लागेल. त्यामानाने सिडनी येथील संशोधकांचा मार्ग शहाणपणाचा वाटतो. त्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रारंभिक प्रयोगात काही विषाणू व ॲस्परजिलस मिळून सात जंतूंविरुद्धच्या पेशी रोग होण्यापूर्वीच दिल्या. आग लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे बरे. मात्र प्रतिबंधाचा गुण सिद्ध करावयास रुग्ण फार मोठ्या संख्येने लागतात.

आपल्याकडच्या परिस्थितीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्यूकरमायकोसिसचे जे थैमान झाले, त्यात जुलैपर्यंत देशात ४५,००० हून अधिक रुग्ण व ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. महाराष्ट्र व गुजरात यांना त्याची झळ सर्वाधिक बसली. ते रुग्ण बहुतांशी मधुमेही होते व अनेकांना स्टेरॉइडे मिळाली होती. रक्तातील साखर व आम्लता यांनी भक्षकपेशी पंगू झालेल्या, लोह मोकळे झालेले, आणि कवक काही दिवसांतच नाकातून डोळ्यात व डोळ्यातून मेंदूत जाणारे. अशा रोग्याला आठवड्यांनी तयार होणारी टी-पेशी काय देणार? त्याला हवी होती ती वेळीच शस्त्रक्रिया, लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन आणि साखरेवर ताबा. त्यांतील औषधाचा तर त्या दिवसांत तुटवडाच होता. परदेशी समालोचनांच्या शेवटी पेशी-उपचाराची यादी देताना म्यूकरचेही नाव जोडण्याची जी प्रथा पडली आहे, ती आपल्या विद्यार्थ्यांनी प्रबंधात जशीच्या तशी उतरवू नये.

टी-पेशींचा दुसरा एक उपयोग मात्र या यादीत मागे पडला आहे. इटलीतीलच मोदेना येथील पोतेंझा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘ब्लड’ मध्येच दाखविले, की आक्रमक म्यूकरमायकोसिस चालू असताना रुग्णाच्या रक्तात त्या कवकाला ओळखणाऱ्या टी-पेशी प्रकट होतात व हा रोग नसलेल्यांत त्या आढळत नाहीत. या पेशी मोजून निदानाला आधार मिळेल, असे त्यांनी सुचविले. रुग्ण थोडेच होते आणि सर्व रक्तविकाराचे. मधुमेही माणसात असे घडते का, हे त्यातून कळत नाही. या कामाला पेशी वाढविण्याची महागडी प्रयोगशाळा लागत नाही. ताजे रक्त, मृत कवकाचे प्रतिजन आणि एलिस्पॉटची तबकडी एवढ्यावर ते होते. २०२१ च्या लाटेतून वाचलेले, एक डोळा किंवा वरचा जबडा गमावलेले रुग्ण आपल्या शहरांत व खेड्यांत आजही आहेत, आणि त्यांच्या रक्तात या पेशी अद्याप टिकून आहेत की नाहीत हे एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन वर्षांत तपासता येण्यासारखे आहे.